तापीकाठचा गोट्यांचा खडक

चांगदेवाचं दर्शन घेतलं आणि तसाच संगमाकडे उतरलो. पूर्णा इथे तापीला मिळते. खाली हतनूरचं धरण असल्याने एरवी काठ बुडालेला असतो, पण एप्रिलअखेर पाणी बरंच मागे हटलं होतं. केळीच्या बागा संपल्या की पिवळट मातीच्या घळी सुरू होतात. ऊन तापायच्या आत परतायचं ठरवलं होतं, पण एका घळीत पाय अडकला तो अडकलाच.

दरडीत कमरेच्या उंचीवर हातभर जाडीचा एक कठीण थर पुढे आला होता. वाट दाखवायला आलेले शेतकरी काका म्हणाले, “काँक्रीट आहे भाऊ, जुन्या बांधाचं असेल.”

दिसत होतं अगदी तसंच. पण काँक्रीटमधली खडी फोडलेली, कोपरेदार असते आणि इथला एकूण एक गोटा गुळगुळीत. नदीने लांबवर लोळवल्याशिवाय दगड असा घासला जात नाही. तुकडे टोकदार असते तर हा कोणाश्म ठरला असता. गोटे गोल, म्हणून पिंडाश्म, म्हणजे गोटे एकमेकांना सांधले जाऊन झालेला खडक.

बहुतेक गोटे काळ्या बसाल्टचे, मधूनच एखादी दुधी गार. चाकूने गारेवर ओरखडाही उठेना. गोट्यांमधला पांढुरका भाग मात्र सहज खरवडला गेला. त्या पुडीवर लिंबू पिळलं, तसे मोहरीहून बारीक बुडबुडे फसफसून वर आले.

“चुनखडी!” काका ताबडतोब म्हणाले. त्यांच्या शेतात ती नांगराला लागते.

हा चुना आला कुठून? बसाल्टमध्येच कॅल्शियम असतं. दगड झिजतो तसं ते पाण्यात विरघळून जमिनीत मुरतं, कोरड्या दिवसांत पाणी उडून जातं आणि चुना फटींत साचून राहतो. गोटे काळ्या दगडाचे, त्यांना सांधणारा चुनाही त्याच दगडातला! ‘खानदेशात गाळाचा खडक कुठला, सगळा काळा दगडच’ असं ऐकत मोठा झालेला मी त्या थरावर कितीतरी वेळ हात फिरवत राहिलो.

चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेलले होते, सगळ्यांचा उतार पूर्वेकडे. वाहतं पाणी चपट्या दगडांना असंच, प्रवाहाच्या वरच्या अंगाला कलवून बसवतं. काकांनी तळहात त्या उतारावर टेकवून पाहिला. “म्हणजे तेव्हाही तापीमाय पश्चिमेलाच चालली होती.”

निघताना उरलेलं अर्धं लिंबू त्यांनी मागून घेतलं. बांधावर रचलेले दगड त्यांना तपासायचे होते.