ब्लॉगरसाठी एक जेएस फाइल आणि माझे तीन रविवार

आजीकडून उतरवून घेतलेल्या ओव्या मी ब्लॉगरवर टाकते. दोनशेच्या वर झाल्यावर त्यांची अकारविल्हे यादी हवी होती. भाच्यानं ती आपोआप तयार करणारी छोटी जावास्क्रिप्ट (जेएस) फाइल, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून दिली. ब्लॉगरवर फोटो चढतात, व्हिडिओ चढतात, जेएस फाइल चढत नाही. ती दुसरीकडे फुकट ठेवायची आणि थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या मांडणीच्या कोडमध्ये, तिचा पत्ता द्यायचा, एवढंच काम. त्यात तीन रविवार गेले.

माझा राग आहे तो जुन्या सल्ल्यांवर. कुणी सांगतं गूगल ड्राइव्ह वापरा. ड्राइव्हवरून वेबपानं दाखवायची सोय ऑगस्ट २०१६ मध्येच संपली. ड्रॉपबॉक्सचं पब्लिक फोल्डर २०१७ मध्ये गेलं. गिटहबवरच्या फाइली साइटना पुरवणाऱ्या रॉगिटनं २०१८ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं. सल्ले मात्र जसेच्या तसे. वर एक ओळ लिहायला काय जातं, की बाबांनो, हे आता चालत नाही!

शेवटी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, खातं काढलं, पब्लिक रेपॉझिटरी (सगळ्यांना दिसणारं फोल्डर) केली, फाइल चढवली. इथवर अर्धा तासही लागला नाही. मग अशाच एका सल्ल्याप्रमाणे फाइल उघडून 'रॉ' बटण दाबलं आणि वर आलेला पत्ता थीममध्ये चिकटवला. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की सगळा कोड नीट दिसायचा. ब्लॉगवर यादीची जागा कोरी. चूक सांगणारं एक अक्षर नाही. ब्राउझर बदलला, फोनवर पाहिलं, थीम दोनदा पुसून परत टाकली. भाच्याला विचारलं तर तो म्हणे, "मावशी, माझ्याकडे चालतंय." त्याच्या संगणकावर चालणारच, फाइल तिथेच होती.

तिसऱ्या रविवारी एफ-१२ दाबून ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी खिडकी, उघडला. लाल ओळ होती: स्क्रिप्ट चालवायला नकार, कारण तिचा प्रकार 'टेक्स्ट/प्लेन'. सर्व्हर प्रत्येक फाइलसोबत ती कसली आहे हे कळवतो. रॉ पत्त्यावरून येणारी फाइल 'साधा मजकूर' म्हणून येते, आणि सोबत 'नोस्निफ' अशी सूचना असते, म्हणजे ब्राउझरनं स्वतः अंदाज बांधायचा नाही. हे मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे. तो पत्ता कोड वाचण्यासाठी आहे, साइट चालवण्यासाठी नाही. फाइल बरोबर, थीम बरोबर, फक्त पत्ता चुकीचा. तुमचंही असं अडलं तर आधी कन्सोल बघा, थीमला हात लावू नका.

मग रेपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये 'पेजेस'वर (गिटहबची फुकट साइट चालवायची सोय) जाऊन मेन शाखा, म्हणजे फाइलींची मुख्य प्रत, निवडली आणि सेव्ह केलं. थोड्या वेळानं गिटहब डॉट आयओचा पत्ता मिळाला. तिथून तीच फाइल जावास्क्रिप्ट म्हणून येते. पत्ता बदलला, पान ताजं केलं, आणि 'अ'खाली आजीची 'अंगणी तुळस' पहिली आली. मी खुर्चीतून उठून आईला हाक मारली.

एक सांगायचं राहिलं. ब्लॉगरची थीम एक्सएमएल असते, त्यामुळे फाइल जोडणाऱ्या ओळीत 'असिंक' (पान न अडवता फाइल आणायची सूचना) नुसतं लिहिलं तर ती सेव्हच होत नाही, async='async' असं पूर्ण लिहावं लागतं. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. रेपॉझिटरी सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यात पासवर्ड किंवा कसली गुप्त 'की' (किल्ली) ठेवू नका. बदल केल्यावर दहा मिनिटं थांबा, जुनी प्रत तेवढा वेळ राहते. जेएसडिलिव्हर या गिटहबवरच्या फाइली पुरवणाऱ्या फुकट सेवेमार्फत शाखेचा पत्ता दिलात तर बारा तासही लागू शकतात.

आणि स्क्रिप्ट दहा-वीस ओळींची, एकाच ब्लॉगपुरती असेल तर यातलं काहीच करू नका. लेआउटमधल्या एचटीएमएल/जावास्क्रिप्ट गॅजेटमध्ये थेट टाका. मला बाहेर ठेवावी लागली, कारण आईच्या पाककृतींच्या ब्लॉगलाही तीच फाइल जोडायची होती. काल जोडली.