कपाशीचं पान अकोल्याला पोचेपर्यंत: माझा अनुभव

२००६ चा पोळा झाला आणि आमच्या वावरातल्या कपाशीची पानं लाल पडायला लागली. गावात ज्याला दाखवावं तो ‘लाल्या आहे’ म्हणून मोकळा होई. लाल्या म्हणजे किडीनं नाही, मॅग्नेशियमसारखं अन्नद्रव्य कमी पडून पान लाल होणं. माझा मावसभाऊ तेव्हा अकोल्याला, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकत होता. त्याला फोनवर कितीही वर्णन केलं तरी तो एकच म्हणे, “काठानं लाल झालं का शिरांच्या मधात, थे मले तोंडी समजत नाही. तू फोटोच पाठव.”

फोन दोघांकडेही कॅमेऱ्याचे होते. मी त्याच उन्हाळ्यात यवतमाळहून जुना नोकिया ६६०० साडेपाच हजारांत आणला होता. फोटो काढायला अर्धं मिनिट लागलं. तो अकोल्याला पोचायला एकोणीस दिवस लागले, आणि त्या एकोणीस दिवसांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

फोटो पाठवायचा तो एमएमएसनं, म्हणजे चित्राच्या संदेशानं. त्यासाठी तेव्हा सिमवर जीपीआरएस, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट, चालू लागे. ते एका एसएमएसनं दुसऱ्या दिवशी चालू झालं. त्याच दिवशी फोनमधून इंटरनेटचं एक पानही उघडलं, अगदी सावकाश, पण उघडलं. म्हणजे टॉवर ठीक, सिम ठीक, बॅलन्स ठीक. मग फोटो का जात नाही? ‘पाठवत आहे’ असं दिसे, मिनिटभर थांबे आणि लाल खूण येई. संदेश परत आउटबॉक्समध्ये.

सिमच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला पहिला फोन केला तेव्हा बावीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगी आली. “सर, हँडसेट कोणता?” सांगितलं. “सेटिंग्ज पाठवल्या आहेत, सेव्ह करून फोन बंद-चालू करा.” केलं. फोटो गेला नाही. दोन दिवसांनी दुसरा फोन, दुसरा माणूस, तेच प्रश्न, तेच उत्तर, “चोवीस तास वाट बघा.” तिसऱ्यांदा मी आधीच सांगितलं की सेटिंग्ज दोनदा सेव्ह केल्या आहेत, इंटरनेट चालतं, फक्त एमएमएस जात नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, “मग सर, हँडसेटमध्येच बिघाड असेल.” त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी एक दिवस मोडला, यवतमाळला गेलो, दुरुस्तीवाल्याला फोन दाखवला. त्यानं उघडून पाहिलं, काही घेतलं नाही, म्हणाला, “भाऊ, फोन चांगला आहे.” जाण्या-येण्याचं एसटीचं भाडं, शिवाय निंदणाच्या बाया वावरात असताना माझी रिकामी जागा. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी एक पान खुडून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं, “पाह्य, आता वरची पानंही धरली.”

गाठ सुटली ती घाटंजीच्या बाजारात. रिचार्जच्या दुकानात एक कॉलेजचा पोरगा उभा होता, त्याच्याकडेही ६६०० आणि सिमही माझ्याच कंपनीचं. त्याचे एमएमएस जात होते. मी त्याला विनंती केली, दोन्ही फोन काउंटरवर शेजारी ठेवले आणि एकेक ओळ ताडून पाहिली. माझ्या फोनमध्ये ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या दारांची, गर्दी झाली होती. प्रत्येक वेळी पाठवलेल्या सेटिंगनं दोन-दोन नवीन नावं आणली होती, तीच नावं, पुढे फक्त आकडा वेगळा. आणि ‘मल्टिमीडिया मेसेज’च्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट इन यूज’ समोर निवडलेला होता इंटरनेटचा!

दोष एवढाच होता. एमएमएस एसएमएससारखा जात नाही. तो जीपीआरएसवरून आधी कंपनीच्या संदेश केंद्रात जातो, तिथून समोरच्याला एक छोटी सूचना जाते आणि मग त्याचा फोन चित्र खाली उतरवून घेतो. त्या केंद्राचा पत्ता कंपनीच्या आतल्या जाळ्यात असतो. इंटरनेटच्या दारानं गेलं तर तो सापडत नाही, त्यासाठी एमएमएसचाच वेगळा ॲक्सेस पॉइंट लागतो. ही एक ओळ तीनपैकी एकानंही मला सांगितली नाही. मी सगळे जुने पॉइंट पुसले, त्या पोराच्या फोनमधला होमपेजचा पत्ता, प्रॉक्सीचा आकडा आणि पोर्ट वहीत उतरवून घेतला, हातानं भरला. पाच रुपये कापले गेले आणि फोटो गेला. दुकानातच मी मोठ्यानं “गेला!” म्हणालो.

पण तो पहिला फोटो भावाच्या कामाचा निघाला नाही. “पोस्टाच्या तिकिटाएवढा आला, काहीच दिसत नाही,” म्हणाला. त्याच सेटिंगमध्ये ‘इमेज साइज’ असतं. ते ‘स्मॉल’ असलं तर फोन चित्र १६० बाय १२० वर आणतो. ‘लार्ज’ केलं की ६४० बाय ४८० जातं. एका संदेशात तेव्हा साधारण शंभर केबीच मावत, म्हणून एका वेळी एकच फोटो. आणि ६६०० ला फ्लॅश नाही, तेव्हा पानाचा फोटो सकाळच्या उजेडातच काढावा.

बॅटरीचं सांगायचं राहिलं. त्या वर्षीचं लोडशेडिंग ज्यांनी भोगलं त्यांना माहीत आहे. ६६०० ची बॅटरी बीएल-५सी, बाबांच्या नोकिया ११०० मध्येही तीच. माझी उतरली की त्यांची काढून घालायची. फक्त त्यांना आधी विचारायचं.

दुसरा, मोठा फोटो पाहून भावाचा लगेच फोन आला. “काठ पिवळे पडून लाल झाले, पान खाली वाकलं. हे लाल्यासारखं वाटत नाही मले. पान उलटं कर आन् खालून काढ.” या कॅमेऱ्याला जवळचं स्पष्ट दिसत नाही, हातभर लांबूनच फोटो नीट येतो. मी आबांचं पोथी वाचायचं भिंग लेन्ससमोर धरलं, पान आणखी जवळ आणलं. पडद्यावर हिरवट, पाचरीसारखे किडे दिसले, तिरके पळणारे. मिनिटभरात तोही फोटो गेला.

“तुडतुडे आहेत, पानाचा रस शोषतात,” भाऊ म्हणाला. “एका पानामागं दोन-तीन दिसले की फवारा लागतो, तुह्या फोटोत पाच आहेत. पाच टक्के निंबोळी अर्क मार, थांबू नको.” लाल्या समजून बाबा मॅग्नेशियम सल्फेट आणायला निघणार होते. तो फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, पिशवी खुंटीला टांगली आणि पंप धुवायला घेतला. तोवर बांधाकडची चार तासं, म्हणजे कपाशीच्या चार ओळी, जळाली होती.