दैव पाचवं

आषाढीला सकाळी सातला आमची दिंडी लालबागहून निघते आणि परळ, हिंदमाता, दादर टीटी करत वडाळ्याच्या विठ्ठलाला जाते. चाल पाच-सहा किलोमीटरची. आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशेच्या आसपास, त्याला जवळजवळ तीन आठवडे हवेत. ह्यांना अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली. मला मिळतात चार तास. शेजारच्या वहिनी अकरापर्यंत ह्यांच्याजवळ बसतात, मग त्यांची दुपारची पाळी असते.

यात माझ्या मर्जीचं काय आहे, हे चालताना दरवर्षी मनात येतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आमचे दादा. पुढे त्यांची गिरणी उघडली नाही. ते काही त्यांना विचारून झालं नाही. गीतेचा अठरावा अध्याय त्यांना पाठ होता. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं त्यात आहे: शरीर, कर्ता, इंद्रियं, नाना तऱ्हेचे प्रयत्न आणि दैव. चाळीत कुणी नशिबाला बोल लावला की दादा म्हणत, "दैव पाचवं आहे रे. आधीच्या चौघांना विचारलंस का?" चाळीच्या तोंडाशी भाजीची पाटी घेऊन बसायला लागले तेव्हाही हेच म्हणत.

मला ते पुरतं पटत नाही. हे पाचवं कधी कधी आधीच्या चौघांच्या उरावर बसतं. रात्री दोनला ह्यांना कुशीवर वळवताना अंगात त्राण नसतं. पण हळू वळवायचं की हिसका द्यायचा, हे मात्र माझ्याकडेच उरतं. कधी हिसका बसतो. हे काही बोलत नाहीत, नुसते बघतात. तो हिसका मला दैवाच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि म्हणूनच वाटतं, की तेवढी जागा खरोखर माझी आहे.

यंदा हिंदमात्याला घोटाभर पाणी होतं. विणेकरी मावशींच्या पोटरीत गोळा आला. वीणा खाली टेकवत नाहीत; एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

"घेतेस का गं?"

एकदा घेतली की दुसरं कुणी येईपर्यंत सुटका नाही, आणि माझं लक्ष घड्याळाकडे. नाही म्हटलं असतं तर कुणी शब्दानं बोललं नसतं. मी मावशींच्या पाया पडले आणि वीणा घेतली. कितीतरी हातांच्या घामानं दांडी गुळगुळीत झाली होती. पाऊल टाळाबरोबरच पडत होतं. तार मात्र मी छेडत होते.

फाइव्ह गार्डनपाशी साडेदहा झाले. एक पोरगा पुढे आला, माझ्या पाया पडला, वीणा घेतली. कात्रक रोडवर रांगच रांग. लांबूनच हात जोडले आणि टॅक्सी केली.

वहिनी चपला घालून दारातच उभ्या होत्या. ह्यांची कूस बदलायची वेळ झाली होती. तर्जनीवर तारेचा वळ तसाच होता. त्याच बोटानं ह्यांना बुक्का लावला आणि मानेखाली हात घातला.