बाटलीतला बुडबुडा

आज दिवसभर एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर. टाक्या कधीच काढल्यात, पण काळी माती संपून मुरूम लागला आणि ऑगरबरोबर (जमिनीत भोक पाडायचा गिरमिट) तोच पेट्रोलचा वास वर आला. बोअरचं पाणी तपासणीसाठी 40 मिलीच्या बाटल्यांत काठोकाठ भरायचं. हवेचा बुडबुडा राहिला की पेट्रोलमधलं विषारी बेंझीन त्यात उडतं, नमुना वाया. चार बाटल्या गेल्या, मग जमलं. (नमुने गार ठेवायचा बर्फ दुपारीच वितळला, रसवंतीवाल्याकडून मागून आणला!)

शेजारच्या विहिरीवर आजी. "लेकरा, पाणी चांगलंय ना?" जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम बेंझीन, हे त्यांना कसं सांगू? म्हटलं, "आजी, रिपोर्ट येईपर्यंत पिऊ नका."

तोवर त्यांनी माझ्यासाठी तांब्या भरून आणलाच होता.