ॲल्ब्युमिन निल

2004 सालचा डिसेंबर. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात मला रात्री भूल द्यायला बोलावलं होतं. पहिलटकरीण, छत्तिसावा आठवडा, बीपी 180/110. केसपेपरवर ‘पीआयएच’, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाब, असं लिहून ठेवलेलं आणि सिझेरियन ठरलेलं. बाहेर बाकावर सासू बसली होती. म्हणाली, “बाई, हिला मधनंच घाम फुटतोय बघा. एवढ्या थंडीत साडी पिळून काढावी लागती. अन् छातीत धडधडतंय म्हणती.” मी “बरं बरं” म्हणून आत गेले.

सिझेरियनआधी आम्ही दोन इंजेक्शनं देत असू. एक ॲसिडसाठी, दुसरं उलटी होऊ नये म्हणून मेटोक्लोप्रमाइड. हजार वेळा दिलेलं औषध. पाच मिनिटांत तिनं डोकं गच्च धरलं, चेहरा पांढराफटक पडला, बीपीचा पट्टा फुगतच राहिला आणि आकडा आला 260/150. नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप, मॅग्नेशियम, जे हाताशी होतं ते सगळं लावलं. बाळ रडलं. आईचं बीपी मात्र रात्रभर झोपाळ्यासारखं वर-खाली.

तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत उजव्या किडनीच्या वर मोसंबीएवढी गाठ दिसली. फिओक्रोमोसायटोमा. किडनीवर टोपीसारखी बसलेली जी ग्रंथी असते, तिच्यातली ही गाठ मनाला येईल तेव्हा ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात ओतते. मेटोक्लोप्रमाइड तिला डिवचतं, हे पुस्तकात होतं. मी परीक्षेसाठी पाठही केलं होतं. पुण्यात नेऊन तिची गाठ काढली, बाई वाचली.

नंतर मी तिचा केसपेपर घेऊन बसले. तिसऱ्या महिन्यातच बीपी 150. नेहमीचा गरोदरपणातला रक्तदाब सहसा विसाव्या आठवड्यानंतर चढतो आणि प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे त्याच्या गंभीर प्रकारात, बहुधा लघवीतून प्रथिनं जातात. हिच्या लघवीच्या तिन्ही चिठ्ठ्यांवर ‘ॲल्ब्युमिन निल’, म्हणजे प्रथिनं नाहीतच. घाम, डोकेदुखी, धडधड ही तिन्ही लक्षणं पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतात, सासूनं त्यातली दोन मला दारातच सांगितली होती.

अशी गरोदर बाई भूलतज्ज्ञाच्या अख्ख्या कारकिर्दीत एखादी येते, बहुतेकांना तीही नाही. एका बाईवरून काय शिकणार? फार तर घाबरायला. मी कितीतरी वर्षं समजत होते की आधी कळलं असतं तर दुसऱ्या तिमाहीतच गाठ काढायला पाठवलं असतं, आणि तेच बरोबर ठरलं असतं.

2021 साली लॅन्सेटच्या मधुमेह आणि अंतःस्रावी आजारांच्या मासिकात एक अभ्यास आला. अमेरिकेतलं मेयो क्लिनिक, नेदरलँड्समधलं नायमेखेनचं रॅडबाऊड रुग्णालय आणि आणखी कितीतरी देशांतल्या डॉक्टरांनी आपापल्या कपाटातली ती एकेक, दोन-दोन बाई बाहेर काढली, आधी छापून आलेल्याही मोजल्या. 1980 ते 2019 या चाळीस वर्षांत मिळून 232 बायका, 249 गरोदरपणं. त्यांतल्या 78 वेळा निदान बाळंतपणानंतर झालेलं. म्हणजे आमच्यासारखंच.

निदान न झालेल्यांत आई किंवा बाळ दगावण्याची, किंवा आईच्या हृदयावर गंभीर संकट येण्याची शक्यता 27 पट निघाली. (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो याची जी मर्यादा आकडेशास्त्रवाले या 27 ला देतात, ती साडेतीनपासून थेट तीन हजारांच्या पुढे जाते! चाळीस वर्षं जग धुंडाळूनही बायका इतक्या थोड्या.) मला हलवलं ते पुढच्या दोन आकड्यांनी. गरोदरपणात निदान झालेल्यांत अल्फा ब्लॉकरच्या, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या, गोळ्या न मिळालेल्यांना धोका साडेतीन पटींहून जास्त. आणि गरोदरपणातच गाठ काढल्यानं निकाल काही सुधारलेला दिसला नाही. म्हणजे घाईनं सुरी चालवण्यात नव्हे, आधी ओळखण्यात आणि गोळ्या सुरू करण्यात जीव होता. धडधड कमी करणारा बीटा ब्लॉकर द्यायचाच तर या गोळ्यांनंतर, आधी दिला तर बीपी आणखी भडकतं. सतरा वर्षं मनात धरलेलं माझं उत्तर चुकीचं होतं, आणि ते एकटीनं मला कधीच कळलं नसतं.

माझी बाई त्या 232 मध्ये नाही. मी तिच्याबद्दल कुठे लिहिलंच नाही, लाज वाटली म्हणून. आणि 2019 च्या पुरात त्या प्रसूतिगृहाचं रेकॉर्ड भिजून गेलं.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. 144 जणींची जनुकं तपासली, 95 जणींत दोष सापडला. ही गाठ पुष्कळदा घराण्यातून येते, म्हणजे त्या रात्री रडलेलं बाळ आता विशीत आहे आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. आधी आईची तपासणी, तिच्यात दोष निघाला तरच मुलाची.

तिचं गाव प्रसूतिगृहातल्या जुन्या सिस्टरना आठवत होतं. फोन सासूनंच उचलला.

“कोण, भुलीच्या बाई? वो, किती वर्सांनी!”

नातू कारखान्यावर कामाला लागलाय, सून बरी आहे. “पर आता मधनंच डोकं दुखतंय म्हणती,” ती म्हणाली. मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, कधीपासून, ते सावकाश सांगा.