नाताळच्या गाण्यांना सर्फचा झटका

आज दिवसभर एकच उद्योग: ‘वी थ्री किंग्ज’ हे नाताळगीत सर्फ गिटारवर (साठच्या दशकातली, समुद्राच्या लाटांवरून नाव पडलेली घुमणारी गिटारशैली) बसवणं. चाल मायनर (उदास छटेच्या सुरावटीची), त्यामुळे ई मायनरमध्ये, जाड तारांवर वाजवली की लगेच समुद्राचा वास येतो. अडचण ठेक्याची. मूळ गाणं तिनाचं, सर्फ चाराचा. दोन मात्रांचा लांब सूर तीन मात्रांचा करायचा, एकचा एकच ठेवायचा, झालं चाराचं. ड्रमवर स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) दुसऱ्या मात्रेला दोनदा पटापट आणि चौथीला एकदा.

क्लीन (म्हणजे आवाज न फाडलेल्या) गिटारचा सूर टिकत नाही, म्हणून लांब सूर पिकनं (तारा छेडायच्या छोट्या पट्टीनं) वर-खाली सतत छेडत भरायचे. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत मात्रेला चार म्हणजे सेकंदाला साडेदहाच्या वर फटके! मनगट आखडलं की संपलं. सुरुवात ११० वर करा. तारा ०.०११ इंचाच्या संचाच्या (सर्वांत पातळ तारेची जाडी) तरी हव्यात. पातळ तार एवढ्या माराखाली बेसूर होते.

स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून आवाज घुमवणारं यंत्र) गिटार आणि अँप यांच्या मधे. त्याचं ‘ड्वेल’ (स्प्रिंगला किती जोरात आवाज द्यायचा ते बटण) फार वाढवलात तर ‘टपक-टपक’ एवढंच ऐकू येतं, चाल बुडते. मला अर्ध्यावर बरं वाटलं.

‘सायलेंट नाइट’च्या वाट्याला मात्र जाऊ नका, त्यातली शांतताच निघून जाते.

आधी ‘द व्हेंचर्स’ या गिटारवाद्यवृंदाचा १९६५ चा ख्रिसमस अल्बम ऐका. त्यातल्या ‘रुडॉल्फ’ या नाताळगीताची सुरुवात चक्क बीटल्सच्या ‘आय फील फाइन’नं होते. चोरी म्हणा हवं तर, पण काय बेमालूम!