नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटवर

१४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी : प्रवेशद्वारावरचा सोहळा पाहायचा आहे की परिसरातली संग्रहालये. दोन्ही एकाच दिवशी उरकू म्हटले, तर पदरी पायपीट तेवढी पडते. आम्ही परभणीहून निघतानाच मुक्काम धरला होता, त्यामुळे दोन्हींना पुरेसा वेळ देता आला.

विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. प्रत्यक्ष नामविस्तार, म्हणजे ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाला आंबेडकरांचे नाव जोडले जाणे, व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्यामुळे या दिवसाला जत्रा समजून येणाऱ्याने जरा थांबून फलकांवरची नामांतर लढ्यातल्या शहिदांची नावे वाचावीत. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे ही नावे घेऊन गेटसमोर नतमस्तक होणाऱ्यांत त्या काळी जन्मलेलीही नव्हती अशी मुले मोठ्या संख्येने असतात.

रेल्वेने येणाऱ्यांना नांदेड, परभणी, जालन्याकडून सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस सोयीची पडते. स्थानकाबाहेर रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे आणि ‘विद्यापीठ गेट’ एवढेच सांगावे. मात्र त्या दिवशी पाणचक्की आणि बेगमपुऱ्याकडचे रस्ते गर्दीने भरलेले असतात व वाहने अलीकडेच थांबवली जातात, म्हणून शेवटचे अंतर चालायचेच असे धरून पायांत साधी चप्पल आणि खांद्यावर हलकी पिशवी असावी. वयस्कर माणसे सोबत असतील तर सकाळीच पोचावे. सायंकाळी सभा आणि भीमगीतांचे कार्यक्रम सुरू झाल्यावर गेटजवळ उभे राहायलाही जागा उरत नाही.

माझ्या मते या दिवसाचे खरे प्रदर्शन म्हणजे रस्त्याच्या कडेने लागलेली पुस्तकांची दुकाने. ताडपत्रीवर, पलंगावर, टेम्पोच्या फाळक्यावर पुस्तके मांडलेली असतात : संविधानाच्या प्रती, फुले-आंबेडकरी साहित्य, बौद्ध वाङ्मय, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, आणि त्यांच्या शेजारी निळे झेंडे व मूर्ती. राज्य शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या ‘लेखन आणि भाषणे’ या खंडांची चौकशी जवळजवळ प्रत्येक दुकानावर चालू होती. एका दुकानावर पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी, “बाळा, मोठ्या अक्षरांचं दे, नातीकडून वाचून घेते,” असे म्हणत संविधानाच्या प्रती चाळत होत्या. विक्रेत्याने खालच्या गठ्ठ्यातून एक प्रत काढली, फडक्याने पुसली आणि छापील किमतीतून पैसे कमी करूनच त्यांच्या हातात दिली. घासाघीस करण्यापेक्षा तीन-चार पुस्तके एकाच ठिकाणी घेतली तर सवलत आपोआप मिळते. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण गर्दीत मोबाइलचे नेटवर्क दगा देते.

दुसऱ्या दिवशीचा परिसर वेगळाच भासतो. डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या या आवारात इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे, तिथली नाणी, शिल्पे, शस्त्रे आणि लघुचित्रे निवांत पाहण्यासारखी आहेत. इथे सुट्टीच्या दिवशी येऊन उपयोग नाही. कामाच्या दिवशी सकाळच्या वेळेत यावे आणि आधी विभागात विचारून घ्यावे. विद्यापीठाला लागूनच सतराव्या शतकात बुंदेलखंडाच्या सरदाराने बांधलेला सोनेरी महाल आहे, त्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. सोन्याच्या रंगकामावरून महालाला नाव पडले, पण आज त्याच्या खुणा शोधूनच पाहाव्या लागतात. वर औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्यातला संकटांपासून तारणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर बघितल्याशिवाय परतू नये. मात्र लेणी आणि महाल एकाच दुपारी करायचे असतील तर रिक्षा परतीसाठीही थांबवून ठेवावी, कारण वर सहजी वाहन मिळत नाही.

ज्यांना जानेवारीत जमत नाही त्यांनी विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवाची तारीख पाहावी. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे संघ तिथे येतात. एकांकिकांपेक्षा मला लोककलांचे मंच अधिक रंगतदार वाटतात, कारण पोवाडा किंवा जलसा सादर करणारी पोरे बहुधा आपल्याच गावची ऐकीव परंपरा घेऊन आलेली असतात. वेळापत्रक मंचावर लावलेले असले तरी कार्यक्रम उशिरा सुरू होतात, म्हणून परतीची गाडी रात्रीची ठेवावी आणि जेवण मध्यवर्ती बसस्थानकाजवळ उरकून घ्यावे.